गळका डबा आणि अडलेला कापूस

(सेलू येथील जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. जेवणानंतर पुन्हा भावावरच बोलणारे आहेत. मधला हा अर्धा तास आम्हाला मिळाला आहे आणि आम्ही बोलणार आहोत गाडीच्या पोटाखालच्या एका पत्र्याच्या झाकणावर. विषय सांगितला तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारले, "अहो, ही बैठक आहे का गॅरेज?" आम्ही म्हटले, आधी ऐकून घ्या, मग ठरवा.

आमच्याकडे चार घरांत मिळून एक जुनी जीप आहे. चारही चाकांना जोर देणारी. मागचा भाग कापून तिथे पत्र्याचा हौदा बसवलेला, म्हणजे आपल्या भाषेत पिकअप. खत, बियाणे, कडबा, दवाखान्यात न्यायचे माणूस, सगळे तिच्यातूनच जाते. वेचणी सुरू झाली की कापूस. ही गाडी घेतली त्याचे कारण एकच होते. सेलूच्या मोंढ्यात भाव पटला नाही तर मानवतला जाता यावे, मानवतला पटला नाही तर परभणीला जाता यावे. ज्याच्या दारात चालू गाडी उभी आहे त्याला व्यापारी जरा जपून बोलतो, हा अनुभव इथे बसलेल्या पुष्कळांचा असेल.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागले. आम्ही काय केले? एक डबडे खाली सरकवले. "जुनी गाडी आहे, थोडी गळणारच." हे वाक्य चारही घरांत चार वेळा बोलून झाले. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि ट्यूबमधले सिलिकॉन बाहेरून फासून दिले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी डाग पुन्हा हजर. परत फासले. परत गळाले.

मग दिवाळी झाली आणि आठ क्विंटल कापूस भरून आम्ही मानवतच्या वाटेला लागलो. निम्म्या वाटेत गाडीच्या पोटातून घरघर सुरू झाली. पुढे ती घरघर रडण्यासारखी झाली. दांडीला हात लावला तर चटका. थोडे पुढे गेलो आणि एक धक्का बसून गाडी जागेवर थांबली. इंजिन चालू, चाक फिरेना.

आता पाहा, कापूस रस्त्यावर, वर मोकळे आभाळ, रात्री दव पडणार. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणजे वेचणीच्या बायकांची मजुरी द्यायचीच होती. ती काही उधार ठेवण्याची गोष्ट नव्हे. संध्याकाळी एक खरेदीदार टेम्पो घेऊन आला. त्याने गाडीकडे पाहिले, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि मोंढ्यापेक्षा क्विंटलला तीनशे रुपये कमी सांगितले. आम्ही दिला. गाडी उभी राहिल्यामुळे घरातला उरलेला दोन फेऱ्यांचा मालही त्यालाच, त्याच भावाने. चोवीस क्विंटलांचे सात हजार दोनशे तिथेच गेले. गाडीच्या पोटातला मधला आख, त्यावरचे बेअरिंग आणि दोन चक्रे बदलायला चौदा हजार लागले. एकूण एकवीस हजार दोनशे. आणि गळत होते ते ज्या कागदी पॅकिंगमधून, त्याचा अख्खा ताव साठ रुपयांना मिळाला होता. त्यातलाही निम्मा अजून घरी शिल्लक आहे.

त्या खरेदीदाराला आम्ही दोष देत नाही. अडलेल्याकडून स्वस्त घेणे हा त्याचा धंदा आहे. आम्ही अडलो कसे, हा प्रश्न आमचा होता.

थेंब म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही नंतर मांडला. ठिबकवाल्यांना तो लगेच कळेल. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरा. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. आमच्या गाडीच्या ह्या डब्यात तेल मावते दीड लिटरच्या आतबाहेर. दहा दिवसांत निम्मे संपले! उभ्या गाडीतून थेंब कमी पडतात हे खरे, पण पळत्या गाडीत तेल गरम होऊन पातळ होते आणि जास्त जाते. ते वाटेवर सांडते, आपल्याला दिसत नाही. दारातला डाग पाहून "थोडेच गळते" म्हणणे म्हणजे विहिरीच्या काठावरचा ओलावा पाहून पाणी मोजण्यासारखे आहे.

इंजिनातले तेल कमी झाले तर समोर लाल दिवा लागतो. पाणी तापले तर काटा चढतो. ह्या डब्याला दिवा नाही आणि काटाही नाही. तो फक्त आवाजाने सांगतो, आणि आवाज आला तेव्हा आतले काम झालेले असते.

हा डबा कोणता ते सांगतो. इंजिनामागे क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स. जुन्या फोर व्हील जीपला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा चिकटलेला असतो, तो जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. पुढच्या चाकांचा जोर बंद ठेवला तरी मागच्या चाकांचा जोर ह्याच्यातूनच जातो, त्यामुळे तो कोरडा पडला की गाडी बसली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जीपमध्ये ही मांडणी होती. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्राने जीप जुळवायला सुरुवात केली, तिच्याबरोबर ती आपल्याकडे आली आणि पुढे कित्येक वर्षे टिकली. ह्या डब्याच्या पोटाला पत्र्याचे झाकण असते, कडेने बोल्ट, मध्ये पॅकिंग. अमेरिकेत ज्या पिकअपचे गिअर आपोआप बदलतात त्यांच्या गिअरबॉक्सखाली अशीच पण मोठी, परातीसारखी पत्र्याची तळी असते, आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्याही जुन्या गाड्या तिथूनच गळतात. तुमच्याकडे फोर व्हील गाडी नसेल तरी इंजिनाखालचे चेंबर असतेच. तेही पत्रा, बोल्ट आणि पॅकिंगच. तेव्हा पुढचे सगळ्यांच्या कामाचे आहे.

डबा उघडायच्या आधी तेल नेमके कुठून येते ते पाहावे लागते. आमची पहिली चूक इथेच झाली होती. जिथे थेंब लोंबतो तिथे गळती असते असे नाही. गाडी पुढे पळते, वाऱ्याने तेल मागे जाते आणि सगळ्यात खालच्या टोकाला जमा होते. घराचे छत गळते तेव्हा पाणी एकीकडून शिरते आणि थेंब दुसऱ्याच आढ्याखाली पडतो, तसेच. म्हणून आधी तो सगळा भाग धुवायचा. पूर्वी रॉकेलने धुवायचे, आता रॉकेल कुठले? डिझेल आणि जुना ब्रश चालतो. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, त्यावर कोरडी चुन्याची फक्की किंवा चाळलेली राख उडवायची. गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणायची आणि बॅटरी घेऊन खाली पाहायचे. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओल जिथे दिसेल ते उगमाचे ठिकाण.

मग तेल बोटावर घ्या. डिझेल इंजिनाचे तेल काळे असते. गिअरचे ९० नंबर तेल जाड असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. क्लचच्या घराखाली जी खाच असते तिथून काळे तेल येत असेल तर इंजिनाचे मागचे सील गेले आहे, वासाचे जाड तेल असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे. ती दोन्ही कामे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाहीत, ती मिस्त्रीलाच द्या. पोटाच्या झाकणाचे काम मात्र घरी होते.

सेलूतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आम्ही दुसऱ्या हंगामाआधी घरी घेऊन आलो. ते खाटेवर बसले, आम्ही गाडीखाली गेलो. त्यांचा पहिला प्रश्न पॅकिंगबद्दल नव्हताच. ते म्हणाले, "ह्याचा श्वास मोकळा आहे का बघा." आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. डब्याच्या डोक्यावर एक बारीक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी पळाली की आतली हवा तापते, फुगते आणि त्या टोपीतून बाहेर जाते. आमच्या पांदीतल्या काळ्या चिखलाने ती टोपी अशी लिंपली होती की आहे हेच कळत नव्हते. मग फुगलेली हवा जाणार कुठून? ती तेलाला ढकलते आणि तेल पॅकिंगमधून, सीलमधून, जिथे कमजोर असेल तिथून बाहेर येते. सिलिकॉन दोन वेळा का सुटले ते तेव्हा समजले. एक तर तेलकट पत्र्याला ते चिकटत नाही, आणि चिकटले तरी आतला दाब त्याला बाहेर लोटतो. आपल्या मातीत चालणाऱ्या प्रत्येक गाडीची ही टोपी पावसाळा संपला की तारेने आणि डिझेलने साफ करायला हवी. ह्या कामाला एक रुपयाही लागत नाही आणि तेच कुणी करत नाही.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी त्यातच आणखी एक गोष्ट. तापलेला डबा एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. असे तेल दिसले तर पातळी पुरी असली तरी ते काढून टाकायचे.

आता काम. त्यातली पहिली गोष्ट घाईत वगळू नका. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर कधीही जायचे नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याचे सील बसले किंवा खालची माती दबली तर गाडी छातीवर येते, आणि तिला उचलायला तेव्हा घरात कुणी नसते. जीप उंच असते, बऱ्याचदा न उचलताच हात पोहोचतो. उचलायचीच तर सपाट कडक जागेवर लोखंडी घोड्या लावा, नाहीतर बाभळीचे जाड ठोकळे आडवे-उभे रचा. विटा आणि दगडी फाडी लावू नका, त्या भाराने फुटतात. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी द्या, हँडब्रेक ओढा आणि आत जायच्या आधी गाडीला खांद्याने एक जोराचा धक्का मारून पाहा. हलली तर पुन्हा लावा. आणि घरातले एक मोठे माणूस शेजारी असू द्या.

गाडी थोडी चालवून मग तेल सोडा, म्हणजे कोमट तेल गाळ घेऊन पडते. पण चटका बसेल इतके तापवू नका. आणि खालचा बुच उघडण्यापूर्वी वरचा, तेल भरायचा बुच सैल होतो का ते पाहा. खालचा उघडला, सगळे तेल सोडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर? तेल जमिनीवर, डबा रिकामा, गाडी हलवता येत नाही आणि मिस्त्री सेलूत. पडलेले तेल स्वच्छ घमेल्यात घ्या. बोटांत चोळून पाहा. बारीक चमक असेल तर ती रोजची झीज आहे. कणकण लागले, तुकडे दिसले तर पॅकिंग बदलून भागणार नाही, आतले पाहावे लागेल. जुनी गाडी विकत घेतानाही हीच परीक्षा करा. खडखडणारा गिअरबॉक्स गप्प बसावा म्हणून त्यात लाकडाचा भुसा घालून विकणारे महाभाग असतात. तेल काढून पाहिले की ते उघडे पडतात.

बोल्ट काढले की झाकण चिकटलेलेच राहते. तिथे छिन्नी आणि हातोडा चालवायचा मोह आवरा. पत्रा वाकला की कायमची गळती. लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने हलके ठोका, सुटते. जुने पॅकिंग खरवडताना कागदाचे कपटे आत पडू देऊ नका, आणि लोखंडाच्या कडेवर ओरखडे उठतील असे खरवडू नका. मग झाकण काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पालथे ठेवून पाहा. आमचे झाकण प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी फुगलेले होते. का? कारण गळते म्हणून आम्ही, आमच्या आधीच्या मालकाने आणि त्याच्याही आधीच्याने बोल्ट आवळत आवळत नेले होते. भोकाजवळचा पत्रा दबतो आणि दोन भोकांमधला वर उचलला जातो. जितके आवळाल तितके गळेल! म्हाताऱ्या मिस्त्रींनी झाकण रुळाच्या तुकड्यावर ठेवून प्रत्येक भोक मागून हलक्या हाताने ठोकून सपाट करायला लावले. त्याला अर्धा तास गेला. आमच्या मते सगळ्या दुरुस्तीतला खरा भाग हा अर्धा तासच आहे आणि घाईच्या हंगामात नेमका तोच कुठल्याही गॅरेजमध्ये वगळला जातो. त्यांच्या दारात रांग असते, त्यांचाही इलाज नसतो.

तयार पॅकिंग मिळाले तर उत्तम. जुन्या गाडीचे मिळत नाही, म्हणून तावातून कापायचे. झाकणाच्या कडेला तेलाचा हात फिरवून ते तावावर दाबले की ठसा उमटतो, त्यावरून कात्रीने कापा आणि भोके पोकळ पंचाने पाडा. कात्रीच्या टोकाने भोसकलेले भोक तिथूनच फाटते. आमच्याकडे एकदा लग्नपत्रिकेचे पॅकिंग करून गाडी आठ दिवस चालवली होती. पत्रिका चांगल्या घरची, जाड होती, तरी तेलाने नरम पडलीच. रस्त्यात अडले तर ठीक, घरी येऊन बदला.

दोन्ही कडा साबणाच्या पाण्याने किंवा थोड्या पेट्रोलने तेलाचा अंश राहणार नाही अशा पुसा, आणि पेट्रोल हातात असेल तेव्हा बिडी दूर. शेलॅक किंवा सिलिकॉन लावायचे तर बोटाने पुसल्याइतके पातळ. जास्तीचे आतल्या बाजूला फुगते, सुटून तेलात पडते, आणि इंजिनाच्या चेंबरमध्ये तर तेल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसते. जाळी बंद म्हणजे इंजिनच गेले. काही बोल्टांची भोके आतल्या पोकळीपर्यंत आरपार असतात, त्या बोल्टांच्या आट्यांनाही थोडे लावावे लागते, नाहीतर तेल आट्यांतून वाट काढते. जी भोके आरपार नाहीत त्यांतले तेल मात्र काडीला कापड गुंडाळून पुसून घ्या. भोकात तेल राहिले आणि बोल्ट आवळला तर ते दबत नाही, लोखंडाला चीर पाडते.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. पाना लहान घ्या आणि मनगटाचाच जोर लावा, खांद्याचा नाही. त्याला पाइप अडकवून जोर वाढवणारा माणूस त्या दिवशी शेतावर पाठवून द्या. बुचाखाली तांब्याचा वायसर असेल तर तो लाल तापवून थंड करा, नरम पडतो आणि पुन्हा बसतो.

तेल कोणते, हे गाडीच्या पुस्तकात असेल ते. पितळी भाग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला काही जास्त मसाल्याची नवी तेले मानवत नाहीत, दुकानदार देईल ते घेऊ नका. गाडी सपाटीवर ठेवून भरायच्या भोकाच्या ओठापर्यंत भरायचे. त्याच्यावर भरले तर तेही गळते. ह्या जीपगाड्यांत गिअरबॉक्समधले तेल मधल्या बेअरिंगमधून मागच्या डब्यात झिरपते, त्यामुळे एक उतू जाते आणि दुसरा कोरडा पडतो. दोन्ही बुच उघडून पाहावे लागतात. आम्ही आता दर पंधरवड्याला पाहतो आणि तारीख हौद्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहितो. चार घरांची गाडी म्हणजे कुणाचीच नाही, असे आमचे झाले होते. आता ज्याची पाळी त्याची सही लागते.

ट्रॅक्टरवाल्यांना एवढेच सांगतो, मागच्या आखाचे सील गळून तेल ब्रेकच्या लायनिंगवर गेले तर ब्रेक लागत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर भरलेली ट्रॉली जोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. आमची आजी-आजोबांची पिढी बैलगाडीला वंगणाचा नळा बांधल्याशिवाय गावाबाहेर पडत नव्हती आणि आख करकरला की तिथेच थांबून वंगण घालत होती. त्या आखाचे वंगण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आपले झाकणाआड आहे. काढलेले तेल डब्यात भरून ठेवा आणि तेल गोळा करणाऱ्याला द्या.

आमच्या गाडीने गेल्या हंगामात पाच फेऱ्या केल्या. तीन मानवतला, दोन परभणीला. एकदा मानवतला भाव ऐकून आम्ही कापूस न उतरवता परत आणला आणि चार दिवसांनी परभणीला विकला. त्या फेरीत भावात फार फरक पडला नाही, डिझेल जाऊन थोडेच उरले. तरी "नाही पटत" म्हणून भरली गाडी मोंढ्यातून बाहेर काढता आली, ह्याचे चारही घरांना फार बरे वाटले.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. झाकण काढलेलेच आणले असते, पण मग गाडी इथवर आली नसती. जुने, भोकापाशी फुगलेले दुसरे एक झाकण मात्र पोत्यात आणले आहे, आणि निम्मा तावही. जेवणे झाली की ज्यांना पॅकिंग कापून पाहायचे असेल त्यांनी या. तरुण पोरांनी आधी या, आणि पांढरे कपडे घालून गाडीखाली शिरू नका.